झीज

दादाच्या लेथमध्ये जेवढे दोष होते, तेवढे खाष्ट सासूलाही सुनेत सापडले नसते. हत्यार ज्यावर सरकतं तो बेड, माल पकडणाऱ्या चकजवळ झिजून खोलगट झालेला. हत्यार आत-बाहेर सरकवणारं हँडल आधी पाव फेरा नुसतंच फिरायचं आणि मग कुठे हत्याराला जाग यायची. हत्यार लांबीत पुढे नेणाऱ्या गिअरचा एक दात तुटका, त्यामुळे दर फेऱ्याला ‘टक’ असा आवाज. दादा कामाला बसला की मागच्या खोलीतून दिवसभर ते टक टक चालायचं. वहिनी म्हणायची, “आवाज येतोय तोवर मला काळजी नाही. थांबला की समजायचं, चहा हवाय.”

धाकट्या भावाला मात्र तो आवाज म्हणजे घासात आलेला खडा. त्याचं सारं आयुष्य एका कारखान्यात माल तपासण्यात गेलं होतं. माप बसलं तर पास, नाही तर भंगार, मधलं काही त्याला ठाऊकच नव्हतं. दादानं त्याचं नाव मायक्रॉन ठेवलं होतं आणि निवृत्तीनंतर तेच चिकटलं. केस उभा चिरायचा, चिरलेला पुन्हा चिरायचा, तरी त्यातून जे उरतं तेवढ्यावरून हा माणूस जेवणाच्या ताटावरून उठेल, असं दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. मायक्रॉननं लग्न केलं नाही. पोरींचीही मापं घेत बसला असेल, असं वहिनीचं मत. तो दादाच्याच घरात माडीवर राहायचा.

दादा स्वतः विमा कचेरीतला निवृत्त कारकून. पण नोकरीत होता तेव्हाही कचेरीतून आला की शर्टच्या बाह्या दुमडायचा आणि मागच्या खोलीत शिरायचा. ती खोली पूर्वी कपडे धुवायची होती. दादानं तिच्यात लेथ घातला, कोपऱ्यात कोळशाची भट्टी बांधली, आणि वहिनीचे कपडे अंगणात गेले ते कायमचे. दोघं भाऊ तिथे छोटी इंजिनं बनवायचे. कुणासाठी, कशासाठी, हे विचारणाऱ्याला दादा म्हणायचा, “पोहणाऱ्याला विचारतोस का, पलीकडे काम काय होतं म्हणून?”

काम वाटून घेतलेलं होतं. मायक्रॉन संगणकावर भागाचं चित्र काढायचा आणि थ्रीडी प्रिंटरवर त्याचा प्लॅस्टिकचा नमुना छापायचा. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून नमुना तेवढा मोठा ठेवायचा, तो हिशेब संगणक करायचा. पुढचं सगळं दादाचं. ओलसर वाळू मुठीत दाबून बघायची, नमुन्याभोवती ठासायची, नमुना अलगद काढून घ्यायचा आणि मुशीतला लालभडक रस त्या पोकळीत ओतायचा. वाळू किती ओली हवी, हे मायक्रॉननं एकदा मीटर आणून मोजलं होतं. दादानं मीटर बाजूला ठेवला आणि वाळूचा मुठीत दाबलेला गोळा मोडून दाखवला. “कड शाबूत राहिली की झालं. आकडा लिहून काय करू, वाळू वाचते का?” दोघं भांडायचे, तासभर बोलायचे नाहीत आणि पुन्हा एकाच मुशीवर वाकलेले दिसायचे.

गेल्या वर्षभरात त्यांनी गरम हवेवर चालणारं इंजिन धरलं होतं. खाली दिवा लावायचा, आतली हवा फुगते-आकसते आणि चाक फिरतं. सांगाडा झाला, फ्लायव्हीलचं जड चाक ओतून झालं, सिलिंडर दादानं असा गुळगुळीत केला होता की मायक्रॉनलाही काही बोलता आलं नाही. उरला होता फक्त पिस्टन. आणि पिस्टन म्हणजेच सगळं. तो सिलिंडरात सैल बसला तर हवा निसटते, घट्ट बसला तर चाक हलत नाही. सिलिंडर उभा धरून खालचं तोंड तळव्यानं बंद केलं, तर पिस्टननं वर हवेवर बसल्यासारखं बसून हळूहळू खाली उतरायला हवं. हातानं पिस्टन एवढा नेमका उतरवणं म्हणजे दादाच्या सगळ्या कारागिरीची परीक्षा होती.

तेवढ्यात दादा म्हणाला की त्याला मोतीबिंदूसाठी लेकीकडे जायचंय. तिच्या गावात चांगला डॉक्टर आहे, ऑपरेशन, मग तपासण्या, दीड-दोन महिने सहज जातील. निघताना त्यानं मायक्रॉनला बजावलं, “पिस्टनला हात लावू नकोस. तो मी करणार. आल्यावर.”

“नाही लावत रे बाबा. माझ्या हातून तुझा पिस्टन विटाळतो की काय?”

“विटाळत नाही. पण तो माझा आहे.”

मायक्रॉननं शब्द पाळला. पिस्टनसाठी काढून ठेवलेल्या बिडाच्या, ओतीव लोखंडाच्या, तुकड्याला त्यानं बोट लावलं नाही. त्यानं फक्त बाकी सगळ्याला लावलं.

कल्पना त्याला दादा-वहिनी गेले त्याच आठवड्यात सुचली आणि सुचल्यावर त्याला अन्न गोड लागेना. आयुष्यभर दादानं त्या खटाऱ्याशी झटापट केली. आता नवे डोळे घेऊन येईल, तर लेथही नवा मिळायला हवा. बाजारातून आणून नव्हे, त्यात काय मजा! दादाच्याच रीतीनं करायचं, जुन्याचं नवं.

आणि त्यानं खरोखर जीव ओतला. बेडला निळा रंग लावायचा, त्यावर सपाट पट्टी फिरवायची, रंग पुसला जाईल तिथे उंचवटा, तेवढाच स्क्रेपरनं खरवडायचा, पुन्हा रंग. कारखान्यातला एक म्हातारा फिटर हे करायचा, त्याचं बघून बघून शिकलेलं. बोटं सोलली, पाठीचा काटा ढिला झाला, पण बेड आरशासारखा सरळ झाला. हँडलच्या कडेवर कुणीतरी कानशीनं ओबडधोबड खाचा मारल्यासारखे टवके होते. ते त्यानं कातून, घासून, चकचकीत केले. हत्याराच्या जागेचा आकडा दाखवणारी छोटी डिजिटल पट्टी बसवली. शेवटी राहिले ते हँडलच्या स्क्रूवरचा ढिला नट आणि तुटक्या दाताचा गिअर. दोन्ही गनमेटलचे, म्हणजे पितळेसारख्या धातूचे. मायक्रॉननं नव्या भागांचे नमुने छापले, दादासारखी वाळू मुठीत दाबून बघितली, आणि जुना नट, जुना गिअर मुशीत टाकून वितळवले. त्याच धातूतून नवे ओतायचे, नवे दाते कापायचे. तो रस साच्यात जाताना त्याला वाटलं होतं की दादा हे ऐकेल तेव्हा मिठीच मारेल. एवढं समाधान त्याला नोकरीत कधी मिळालं नव्हतं.

दादा आला तो काळा चष्मा लावून. “उजेड सोसत नाही अजून,” वहिनी घाईघाईनं म्हणाली. मायक्रॉनला चहापर्यंतही दम निघेना. त्यानं दादाचा दंड धरून त्याला मागच्या खोलीत नेलं आणि लेथ सुरू केला.

लेथ रेशमासारखा फिरला. मायक्रॉननं हत्यार पुढे जायला लावलं. दादा मान किंचित कलती करून उभा होता. बराच वेळ.

“टक कुठे गेलं?”

“काढून टाकलं!” मायक्रॉन लहान मुलासारखा हसला. “वितळवलं, दादा. तुझ्याच भट्टीत. त्याचाच नवा गिअर केलाय. आणि हे हँडल फिरव. फिरव ना. जरासुद्धा ढिलं नाही.”

दादानं हँडलला हात घातला. अंगठा कडेवरून गोल फिरला, पुन्हा उलटा फिरला. “गुळगुळीत केलंस.”

“नाहीतर काय! टवकेच टवके होते.”

“झकास झालंय,” दादा म्हणाला. “खूप मेहनत घेतलीस रे.” आणि चहा गार होईल म्हणून तो आत निघून गेला. जाताना त्याचा खांदा चौकटीला लागला. मायक्रॉनला वाटलं, काळ्या चष्म्यामुळे.

मग दिवस जाऊ लागले आणि दादा लेथकडे फिरकेना. आज काय तर प्रवासाचा शीण, उद्या काय तर डॉक्टरनं वाकू नको म्हटलंय. मायक्रॉन मनातून तापत चालला. तो स्वतःशी म्हणायचा, याला आपलं कौतुकच सहन होत नाही, आपण केलं म्हणूनच हे रुसणं. एका सकाळी जेव्हा दादा म्हणाला की पिस्टनची काय घाई आहे, तेव्हा त्याचा ताबा सुटला.

“घाई नाही? वर्षभर पिस्टन पिस्टन करत होतास! माझ्या हातचं यंत्र आहे म्हणून चालत नाही तुला. सरळ सांग ना. दोन चांगले शब्द बोलायला तोंड दुखतं का तुझं?”

टेबल चाचपून दादानं चहाची बशी सरळ केली. वहिनी उठली, मायक्रॉनला खुणेनं अंगणात घेऊन गेली आणि दोरीवरचे वाळलेले कपडे काढता काढता हलक्या आवाजात बोलू लागली.

“भाऊजी, मोतीबिंदू नव्हता तो. डोळ्यांच्या आतला पडदा गेलाय. मधलं सगळं गेलं. कडेकडेचं थोडं दिसतं, तेही राहायचं नाही म्हणाले. इंजेक्शनं देऊन बघितली.”

“कधीपासून?”

“बरीच वर्षं झाली की हो हळूहळू. कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती मला. भाऊजी कळवळतील आणि हातातून काम काढून घेतील, म्हणाले.”

“पण मग तो काम कसा करायचा? सिलिंडर तर याच वर्षी...”

वहिनीनं टॉवेलची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. “ते मला काय कळतं? आवाज मोजायचे एवढं माहीत आहे. पुटपुटत असायचे. टक एक, टक दोन.”

मायक्रॉनला पुढचं कुणी सांगायची गरज उरली नाही. तुटका दात म्हणजे लांबी मोजायची दादाची पट्टी होती. हँडलची पाव फेऱ्याची ढिलाई संपून हत्यार लागतं तो बारीक झटका म्हणजे शून्याची खूण. आणि ते टवके! ते टवके कुणीतरी मारल्यासारखे नव्हते, मारलेच होते. दादानं स्वतः, कानस घेऊन, अंगठ्याला लागावेत म्हणून. आयुष्यभर मालावरचा ओरखडा दहा हातांवरून ओळखणाऱ्या माणसाला आपल्या सख्ख्या भावाच्या हातच्या खाचा ओळखता आल्या नव्हत्या.

तो तडक दादासमोर जाऊन उभा राहिला. माफी मागायला तोंड उघडलं आणि रागच बाहेर पडला. “मला का नाही सांगितलंस? एक शब्द बोलला असतास!”

“सांगितलं असतं तर तू मला भट्टीजवळ उभं केलं असतंस का?”

नसतं केलं, हे मायक्रॉनलाही ठाऊक होतं.

“तुझी चूक नाही रे,” दादा म्हणाला. “मी लपवलं, तू प्रेमानं केलंस. कुणाला बोलायचं यात?”

पण बोल लावायला कुणी नसलं की तो सगळा आपल्याच माथी येतो. मायक्रॉन कामाला लागला. सगळं पूर्ववत करायचं. त्यानं नव्या गिअरचा एक दात कानशीनं अर्धा उडवला. ज्यानं जन्मभर तसले गिअर भंगारात फेकले, त्यानं. टक आलं. दादानं ऐकलं. “जरा बारीक आवाज आहे, पण चालेल.” नट थोडा घासून ढिला केला. दादाला सांगून त्याच्या हातून हँडलवर पुन्हा खाचा मारून घेतल्या. राहिला बेड. आणि इथे मायक्रॉन खरा अडकला. खोलगटपणा परत करायचा तरी कुठे आणि किती? त्यानं खरवडण्याआधी जुन्या बेडची मापंच घेतली नव्हती. घरातल्या बादलीचंसुद्धा तोंड मोजणारा माणूस, पण बिघडलेल्याचं माप कोण घेतो? झीज ही काही बाजारात मिळणारी वस्तू नाही. ती होती तेवढी चुरा होऊन केरात गेली होती.

“राहू दे,” दादा म्हणाला. “बेड सरळ आहे तर चांगलंच आहे की. लाव तो बिडाचा तुकडा.”

दादानं पिस्टन कातायला घेतला. चष्मा काढला होता. तो लेथकडे बघतही नव्हता, मान वळवून खिडकीकडे तोंड करून उभा होता आणि ओठ हलत होते. मायक्रॉन मागे हात बांधून उभा राहिला. अंगठा खाचेवरून खाचेवर जात होता, टकमागून टक पडत होतं, बिडाचा काळा चुरा खाली झरत होता. वहिनी दारात येऊन थांबली. त्या घटकेला तिघांनाही वाटलं की जमलं.

दादानं लेथ थांबवला. पिस्टन पुसून मायक्रॉनच्या हातात दिला. “बघ. किती येतंय?”

मायक्रॉननं मायक्रोमीटर लावला. एका टोकाला माप अगदी नेमकं होतं. चकच्या बाजूला पिस्टन बारीक होता. थोडाथोडका नव्हे, भंगार म्हणावा इतका. आणि का, ते त्याला लगेच कळलं. जुना बेड चकजवळ खचलेला, त्यामुळे हत्यार तिथे मागे राहायचं आणि माल जाड यायचा. म्हणून दादाचा हात त्या जागी आला की हँडल आपोआप कणभर आत द्यायचा. यंत्र चुकायचं, हात सावरायचा. आता यंत्र चुकत नव्हतं आणि हात मात्र अजून सावरत होता.

“बोल ना. किती?”

“बरोबर आहे,” मायक्रॉन म्हणाला. “अगदी बरोबर आहे, दादा.”

दादाचा चेहरा उजळला. त्यानं सिलिंडर मागितला, खालचं तोंड तळव्यानं बंद केलं आणि पिस्टन वरून आत सोडला. पिस्टन हवेवर बसला नाही. तो थेट खाली जाऊन दादाच्या तळहातावर आदळला.

दादानं पिस्टन बाहेर काढला, दोन बोटांत धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपला आणि हसला. ते हसू रागाचं असतं तर मायक्रॉनला बरं वाटलं असतं.

“तपासनीस बिघडला आमचा,” दादा म्हणाला. “दुसरा तुकडा दे.”

दुसराही तसाच आला. तिसराही. दादा हाताला बजावायचा, तिथे आत देऊ नकोस. मग हात इतका धसका घ्यायचा की भलत्याच ठिकाणी चुकायचा. नव्यानं सवय लावायची तर वेळ हवा होता आणि डोळ्यांच्या कडांना उरलेला उजेडही रोज कमी कमी होत होता. एका दुपारी दादानं पाचव्या की सहाव्या तुकड्यावरून बोट फिरवलं आणि तो हलकेच बाकावर ठेवला.

“मायक्रॉन, तू कर.”

“मी नाही करणार. मी शब्द दिलाय.”

“मीच घेतला होता, मीच परत देतो. अरे, इंजिन तरी पुरं होऊ दे. चाक फिरलेलं ऐकायचंय मला. हट्ट नको करू.”

मायक्रॉननं केलं. डिजिटल पट्टीवरचे आकडे बघत, चुपचाप, एका बैठकीत. कठीण काहीच नव्हतं, आणि त्याचंच त्याला रडू येत होतं. पिस्टन हवेवर बसला आणि हळूहळू, हवा तसा, खाली उतरला. इंजिन जोडलं, खाली दिवा लावला, सिलिंडर तापल्यावर त्यानं दादाचं बोट धरून फ्लायव्हीलला टिचकी मारायला लावली. चाक फिरू लागलं. वहिनीनं टाळ्या वाजवल्या आणि पदरानं डोळे टिपले. दादानं चाकाजवळ तळवा धरला, त्याचा वारा लागू दिला.

“वा! काय गोड चालतंय रे तुझं इंजिन.”

“तुझं आहे, दादा. सांगाडा तुझा, सिलिंडर तुझा, चाक तू ओतलंस.”

“हो हो, आहेच की,” दादा समजूत घातल्यासारखा म्हणाला आणि वहिनीचा हात शोधू लागला.

त्यानंतर काही दिवसांनी मायक्रॉन मागच्या खोलीत लेथ पुसत होता. नवं काही करावं असं त्याला वाटत नव्हतं, पण हातांना चाळा हवा होता. दाराशी पावलं वाजली. त्यानं वळून बघितलं. दादा उंबऱ्याबाहेर उभा होता, एक हात चौकटीवर ठेवून. या दाराशी दादा आजवर कधी थांबला नव्हता. जेवण सोडून, पाहुणे सोडून, आजारपणातली पांघरुणं सोडून तो इथे घुसायचा आणि बाकीच्यांनी आत येऊ का म्हणून विचारायचं, असा या घराचा रिवाज होता.

“मायक्रॉन,” दादानं विचारलं, “कामात नाहीस ना? येऊ का आत?”

ये म्हणायला फार काही लागत नाही. पण ते म्हटलं की खोली कुणाची हे ठरून जाणार होतं, आणि मायक्रॉनच्या तोंडून शब्द फुटेना. दादा चौकटीला धरून, मान कलती करून, उत्तराची वाट बघत बाहेरच उभा राहिला.